दोन फिके रंग जवळपास सारखेच असतील तर खोलीला कोणता द्यायचा?

घराला रंग काढायचा ठरला की गडद रंगावरून फार वाद होत नाहीत. निळा आवडतो किंवा आवडत नाही, विषय संपला. गाडी अडते ती शेवटी उरलेल्या दोन फिक्या रंगांपाशी. एक जरासा बिस्किटाकडे झुकणारा, दुसरा जरासा राखाडीकडे. शेड कार्डवर दोन्ही शेजारी, आणि घरातला प्रत्येकजण आलटून पालटून दोन्हींवर बोट ठेवतोय. पेंटर म्हणतो, "ताई, भिंतीवर गेल्यावर दोन्ही सारखेच दिसतील." दुकानदार म्हणतो, "आपल्याकडे हा जास्त जातो." दोघंही मनापासून सांगतात. पण तुमची फरशी कोणती, खिडकीसमोर काय आहे आणि रात्री कुठला दिवा लागतो, हे त्यांनी विचारलेलं नसतं. निकाल मात्र बहुतेक वेळा याच तीन गोष्टींवर लागतो.

आधी हे रंग बनतात कसे ते बघू. दुकानातल्या टिंटिंग मशीनपाशी एकदा पाच मिनिटं उभं राहा. डब्यात पांढरा बेस आधीच असतो, त्याचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा. कॉम्प्युटरवर शेड नंबर टाकला की मशीन त्यात मोजून थोडे थोडे रंग सोडतं: पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड, काळा, कधी हिरवा किंवा निळा. मग डबा घुसळून निघतो. ऑफ व्हाइट, मोतिया, बिस्किट, फिका ग्रे हे सगळे याच मोजक्या रंगांच्या कमी-जास्त थेंबांतून येतात. एकात काळ्याबरोबर पिवळा जरा जास्त पडला, दुसऱ्यात लाल, एवढाच काय तो फरक. पण त्या थेंबांमुळे प्रत्येक फिक्या रंगात एक झाक राहते. पिवळसर, गुलाबी, हिरवट, निळसर किंवा जांभळट. रंग एकटा बघितला तर ती झाक दिसत नाही, "ग्रे आहे" एवढंच वाटतं. दुसरा ग्रे शेजारी आला की मग पहिला एकदम जांभळा वाटायला लागतो.

म्हणून दोन रंगांमधून निवडायचं असेल तर ते अगदी कडेला कडा लावूनच बघायचे. एकदा हा आणि मग तो असं पाहिलं तर डोळे फसतात, कारण आपली रंगाची आठवण फार कच्ची असते. शेड कार्डच्या पट्टीवर त्याच रांगेतला सगळ्यात गडद रंगही बघावा. फिक्यात लपलेली झाक तिथे बहुतेक वेळा उघड होते. झेरॉक्सचा कोरा कागद शेजारी धरला तरी झाक कळते. फक्त एक लक्षात असू द्या. या कागदात पांढरेपणा वाढवणारी द्रव्यं असतात, त्यामुळे तो मुळातच निळसर असतो आणि त्याच्या शेजारी क्रीम रंग आहे त्याहून पिवळा वाटतो. झाक ओळखायला हा कागद चांगला, पण "फारच पिवळा आहे बाई" असा निर्णय त्याच्या भरवशावर घेऊ नये.

दोन रंगांमधला फरक दोन तऱ्हांचा असतो. एक झाकेचा, दुसरा उजळपणाचा. हे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवले की अर्धं काम होतं.

उजळपणा मोजायला एलआरव्ही नावाचा आकडा असतो. भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती उजेड ती परत पाठवते ते हा आकडा ० ते १०० मध्ये सांगतो. शून्य म्हणजे पूर्ण काळा, शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. बऱ्याच कंपन्या तो शेडच्या माहितीत देतात, दुकानदाराला विचारायला काहीच हरकत नाही. एकाचा आकडा ७२ आणि दुसऱ्याचा ६२ असेल तर शेड कार्डवर भाऊ-भाऊ वाटणारे हे रंग कमी उजेडाच्या खोलीत निराळे वागतील. आकडा मिळाला नाही तर दोन्ही तुकडे शेजारी ठेवून मोबाइलवर एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. रंग निघून जातो आणि कोणता गडद ते उरतं. चित्रकार डोळे बारीक करून हेच करतात. मधली रेघ पुसट झाली तर दोन्हींचा उजळपणा सारखा.

उजळपणाचा प्रश्न सुटायला सोपा. खोलीत खिडकी एकच, समोर दुसरी इमारत, दिवसाही दिवा लावावा लागतो, अशी परिस्थिती असेल तर दोन्हींपैकी जास्त आकड्याचा रंग घ्यावा. भरपूर उजेडाच्या खोलीत जरा खालचा आकडाही शोभतो, उलट डोळ्यांवर येणारी तिरीप कमी होते.

झाकेला मात्र वेळ द्यावा लागतो.

फरशी आधी, भिंत नंतर

पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा राजाश्रयाचा गालिच्यांचा कारखाना होता. तिथल्या रंगाईचा प्रमुख होता रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल. काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने लोकर तपासली तर रंगात काही खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी निळे-जांभळे धागे विणलेले होते, त्यांच्यामुळे काळा कमजोर दिसत होता. १८३९ मध्ये त्याने यावरचं आपलं सविस्तर संशोधन प्रसिद्ध केलं. शेजारी असलेले दोन रंग एकमेकांना विरुद्ध दिशेला ढकलतात. हिरव्याशेजारी राखाडी ठेवला तर तो लालसर वाटतो, पिवळ्याशेजारी निळसर-जांभळट.

आता हे आपल्या घरात आणू. भिंतीच्या सगळ्यात जवळचा मोठा रंग फरशीचा असतो, आणि ती दर पाच वर्षांनी बदलत नाही. नाशिकमधल्या सिडको, इंदिरानगर, नाशिकरोड भागातल्या जुन्या घरांमध्ये कोटा फरशी खूप आहे, हिरवट राखाडी. नव्या फ्लॅटमध्ये आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल असते. तिच्यात कधी पिवळी झाक असते, कधी गुलाबी.

माझ्या मावसबहिणीच्या इंदिरानगरच्या रो हाउसमध्ये हे फार स्पष्ट दिसलं. तिचे दोन रंग ठरले होते, दोन्ही बिस्किट म्हणता येतील असे. एकात गुलाबी झाक, दुसऱ्यात हिरवट पिवळी. कार्डवर गुलाबी झाकेचा सगळ्यांना आवडला होता, भाऊजींनी तर नंबरही लिहून ठेवला होता. मग दोन्ही रंग पुठ्ठ्यावर देऊन ते पुठ्ठे हॉलमध्ये कोटा फरशीला टेकवून उभे केले. गुलाबी झाकेचा पुठ्ठा जखमेवर लावायच्या पट्टीसारखा दिसायला लागला, इतका गुलाबी. फरशीचा हिरवटपणा त्याला ढकलत होता. दुसरा पुठ्ठा, जो कार्डवर मळकट वाटला होता, तो तिथे शांत बसला. फरशी कुठे संपली आणि भिंत कुठे सुरू झाली हे डोळ्यांना टोचेना. मग तेच पुठ्ठे वरच्या बेडरूममध्ये नेले. तिथे आयव्हरी टाइल आणि पिवळा दिवा. तिथे गुलाबी झाकेचा उबदार वाटला आणि हिरवट पिवळा आजारी. तिने हॉलला एक दिला, बेडरूमला दुसरा.

फरशीसारखीच कायमची मंडळी आणखी असतात: दरवाजांचं लॅमिनेट, सागवानी कपाट, स्वयंपाकघराचा ओटा, बैठकीचा सोफा जर बदलायचा नसेल तर तोही. पडदे आणि उशांचे अभ्रे यात धरू नका. ते रंगानंतर घेता येतात.

छताबद्दल एकच गोष्ट. ते शुभ्र पांढरं ठेवणार असाल तर क्रीम भिंत त्याच्याशेजारी आणखी पिवळी दिसेल. पुठ्ठा एकदा छताच्या कडेलाही धरून बघा.

नाशिकचा उजेड

रंगाविषयी वाचायला गेलं की एक सल्ला हमखास मिळतो: उत्तरेची खोली थंड, निळसर उजेडाची, तिला उबदार रंग द्या, दक्षिणेच्या खोलीला थंड रंग चालतो. हा सल्ला लंडन किंवा न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी बरोबर आहे. लंडन ५१ अंश उत्तरेला आहे, तिथे भर दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २० मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या २३-२४ तारखेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. एप्रिल-मेमध्ये सूर्य उगवतो आणि मावळतोही पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेकडून, म्हणून उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन येतं. उलट डिसेंबरमध्ये भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवर. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत पोचतं.

म्हणजे आपल्याकडे दिशा महत्त्वाची आहेच, पण ती ऋतूप्रमाणे फिरते. त्यात पावसाळ्याचे महिने वेगळेच. ढगाळ दिवसांत सगळीकडून सारखा, निळसर राखाडी उजेड येतो आणि सावल्या जवळपास नसतात. बहुतेक लोक रंग काढतात पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या मधे, ऑक्टोबरच्या लख्ख उन्हात. त्या उन्हात निळसर ग्रे देखणा दिसतो. तोच ग्रे जुलैत आठवडाभर ऊन पडलं नाही की उदास वाटू शकतो. ढगाळ दिवशी कोणत्या रंगाची खोली कशी वाटेल याचा अंदाज हवा असेल तर खिडकीचा पातळ पडदा ओढून, दिवे बंद ठेवून पुठ्ठे बघावेत. हुबेहूब तसं दिसत नाही, पण मंद उजेडात कोणता रंग मरगळतो ते कळतं.

आता दिशेपेक्षाही महत्त्वाचं: खिडकीसमोर काय आहे? उन्हाळ्यात सूर्य इतका वर असतो की दुपारी थेट ऊन खोलीत फारसं येतच नाही. येतो तो जमिनीवरून आणि समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेड, आणि तो त्यांचा रंग घेऊन येतो. गंगापूर रोडला एखाद्या दाट कडुनिंबासमोरच्या खिडकीत दुपारी हिरवट उजेड असतो. तिथे हिरव्या झाकेचा ग्रे आणखी हिरवा होतो आणि किंचित गुलाबी झाकेचा रंग चक्क तटस्थ दिसतो. समोरची इमारत विटकरी रंगाची असेल तर उलट घडतं. शेजारच्या इमारतीचा रंग आपल्या हॉलमध्ये येतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण दुपारी दोन वाजता पांढरा कागद खिडकीपासून चार फुटांवर उभा धरून बघा.

रात्रीचं गणित वेगळं. दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा छापलेला असतो. ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० म्हणजे पांढरा-निळसर. आपल्याकडच्या घरांमध्ये ६५०० चेच दिवे जास्त दिसतात. त्या दिव्याखाली निळसर ग्रे आणखी थंड होतो, तर क्रीम रंग जरा फिकट पण स्वच्छ दिसतो. ३००० च्या दिव्याखाली क्रीम थेट पिवळा होतो आणि थंड ग्रे माणसाळतो. बेडरूम आपण मुख्यतः दिव्याच्याच उजेडात बघतो, तिथे खिडकीपेक्षा दिव्याचं ऐकावं. दिवा बदलणं रंग बदलण्यापेक्षा फार स्वस्त आहे, त्यामुळे रंग आवडलाय आणि रात्रीच खटकतोय असं असेल तर आधी ४००० चा एक दिवा आणून बघा. खोक्यावर सीआरआय असेल तर तोही पाहा. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा तो आकडा. ८० चालतो, ९० च्या वर उत्तम.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट दुकानात फार होते. एका कंपनीचा शेड नंबर दुसऱ्या कंपनीच्या डब्यात बनवून दिला जातो, आणि दुकानातल्या ट्यूबखाली दोन्ही जुळलेले दिसतात. पण दोन कंपन्यांचे मूळ रंग वेगळे असतात. एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात फुटू शकतात. तुमची निवड झाकेच्या एवढ्या बारीक फरकावर उभी असताना हा धोका घेऊ नये. ज्या कंपनीचं कार्ड, त्याच कंपनीचा डबा.

कार्डावरचा रंग भिंतीवर गडद का होतो

हा अनुभव जवळपास प्रत्येक घरात येतो आणि त्याचं कारण साध्या गुणाकारात आहे. समजा एक फिका रंग लाल-पिवळ्या भागातला ८० टक्के उजेड परत पाठवतो आणि निळ्या भागातला ७० टक्के. पहिल्या परतीला पिवळेपणाचं पारडं १.१४ पट जड. पण चारही भिंती त्याच रंगाच्या आहेत. तो उजेड समोरच्या भिंतीवर आदळून पुन्हा परततो तेव्हा ८० चे ६४ झालेले असतात आणि ७० चे ४९. आता पारडं १.३१ पट. तिसऱ्या परतीला जवळपास दीडपट. म्हणून खोलीच्या कोपऱ्यांत, जिथे उजेड सगळ्यात जास्त वेळा इकडून तिकडे जातो, तिथे झाक सगळ्यात गडद दिसते. कार्डवर "किंचित पिवळा" असलेला रंग कोपऱ्यात चांगलाच पिवळा असतो.

यावरून माझं स्पष्ट मत: झाक एकच असेल आणि फक्त गडदपणात अडलं असेल, तर एक पायरी फिका घ्या. चार भिंती मिळून तो स्वतःच कार्डवरच्या गडद रंगाकडे सरकतो.

एकाच रंगाचा पुठ्ठा मधोमध दुमडून आतला कोपरा केला तर हा परिणाम लहान प्रमाणात दिसतोही. रंगवलेली बाजू आत ठेवून पुस्तकासारखं अर्धवट उघडायचं आणि घडीत बघायचं. तिथला रंग हाच तुमच्या कोपऱ्याचा अंदाज.

पुठ्ठे कसे करायचे? दीड-दोन फुटांचे दोन जाड पुठ्ठे, आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात, मग दोन्ही शेडचे दोन-दोन हात, कडेपर्यंत. पांढरी किनार सोडू नका, ती डोळ्यांना फसवते. रंग ज्या फिनिशमध्ये भिंतीवर जाणार त्यातच हवा, कारण चकचकीत फिनिशवर जिथे उजेडाची चमक येते तिथे रंग धुतल्यासारखा वाटतो, मॅटवर तसं होत नाही. निदान एक रात्र वाळू द्या, ओल्या इमल्शनचा रंग खरा नसतो. बऱ्याच पेंटरदादांना भिंतीवरच चार पट्टे मारून दाखवायची सवय असते. त्या पट्ट्यांच्या आजूबाजूला जुना रंग असतो, जुना गुलाबी असेल तर त्यावरचा कुठलाही ग्रे हिरवट दिसणारच. पुठ्ठा उचलून कुठेही नेता येतो, हा त्याचा मोठा फायदा.

पुठ्ठे उभेच ठेवायचे, टेबलावर आडवे नाही, कारण आडव्या पुठ्ठ्यावर वरचा उजेड पडतो आणि भिंतीवर तसा पडत नाही. सकाळी, भर दुपारी, ऊन उतरताना आणि रात्री दिवे लावून. खिडकीच्या भिंतीवर, तिच्या समोरच्या भिंतीवर, कोपऱ्यात, फरशीलगत. प्रत्येक वेळी खोलीत जाऊन लगेच मत देऊ नका, पाच-दहा मिनिटं बसा. डोळे खोलीतल्या उजेडाला सरावले की मगच मधला फरक खरा दिसतो. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचं मत घ्यायला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून उपयोग नाही, कारण मोबाइलचा कॅमेरा पांढरा कोणता हे स्वतःच ठरवतो आणि सगळे रंग त्याप्रमाणे सरकवतो. पाठवायचाच असेल तर दोन्ही पुठ्ठे एकाच फोटोत घ्या, म्हणजे निदान त्यांच्यातला आपसातला फरक तरी टिकतो.

बघताना स्वतःला विचारा, दिवसभरात कोणता पुठ्ठा कधी खटकला? एखादा रंग चारपैकी तीन वेळा सुंदर दिसतो आणि ज्या वेळी घरातले सगळे हॉलमध्ये जमतात त्याच वेळी मळकट होतो. दुसरा कधीच फार सुंदर दिसत नाही, पण कधी बिघडतही नाही. मी दुसरा घेईन. भिंत ही मागे राहायची गोष्ट आहे, आणि तुम्ही तिथे रोज संध्याकाळी बसणार आहात.

आणि चारही वेळांना दोन्ही पुठ्ठ्यांत फरकच कळला नाही तर? रंगमापनाचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या सीआयई या संस्थेने १९७६ मध्ये दोन रंगांमधला फरक आकड्यात मांडायची पद्धत दिली, त्या आकड्याला डेल्टा ई म्हणतात. १ च्या आसपासचा फरक कडेला कडा लावल्यावर जेमतेम दिसतो. भिंतीला तर एकच रंग लागणार, शेजारी तुलनेला दुसरा नसणार. अशा वेळी रंगाचा विचार सोडून व्यवहार बघावा. स्वयंपाकघर उघडं असेल तर फोडणीच्या वाफेने येणारा पिवळटपणा थंड ग्रेवर लवकर दिसतो, क्रीमवर उशिरा. लहान मुलं असतील तर धुता येणारं फिनिश कोणत्या शेडमध्ये लगेच मिळतं ते विचारा.

भिंतीला ओल असेल तर हे सगळं पुढच्या महिन्यावर टाका. आधी गळती, मग पुट्टी, मग रंग. ओलीचा डाग कुठल्याही फिक्या रंगातून वर येतो.

रंग ठरला की लागणारे सगळे डबे एकाच वेळी बनवून घ्या. आठवड्याने आणलेल्या डब्यात थेंबाचा फरक पडला तरी फिक्या रंगात तो एका भिंतीवर पट्ट्यासारखा दिसतो. पेंटरला सांगून डबे मोठ्या बादलीत एकत्र करून घ्या आणि मगच रोलर लावू द्या. डब्यावरच्या स्टिकरवर शेड नंबर, बेस आणि फिनिश असतं. त्याचा फोटो काढा आणि तेच तारखेसह कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा. उरलेला पावभर रंग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून ठेवा, पुढच्या वर्षी खिळ्याचं भोक बुजवताना लागेल.